जुनी मॅन्युअल लेन्स, दुसऱ्याच कंपनीची बॉडी: लांबचं शार्प येत नाही तेव्हा

आधी लक्षणं लिहितो, म्हणजे तुमचा आजार हाच की दुसरा ते लगेच कळेल.

- फोकस रिंग इन्फिनिटीच्या (सर्वात लांबच्या, ∞) खुणेवर अगदी टेकवली, तरी लांबचा डोंगर किंवा चंद्र मऊच येतो. जवळचे फोटो मात्र छान.
- ५० आणि १३५ एमएम ठीक चालतात, पण त्याच अडॅप्टरवर (लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या मधल्या कड्यावर) २८ किंवा २४ लावली की लांबचं सगळं पुसट.
- माणूस १० मीटरवर उभा आहे आणि तो शार्प दिसतो तेव्हा रिंग ७ च्या आसपास असते.
- फ्रेमची डावी बाजू धारदार, उजवी विरघळल्यासारखी.
- किंवा याच्याही आधीची पायरी: लेन्स लावली, बटण दाबलं, शटरच पडत नाही.

माझ्या स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या मिळून बऱ्याच जुन्या लेन्स मी अशा नव्या बॉड्यांवर बसवून दिल्या आहेत, आणि तक्रार जवळपास दर वेळी हीच असते. लगोलग निदानही झालेलं असतं: ‘लेन्स खराब निघाली.’ बहुतेक वेळा लेन्स निर्दोष असते. दोष असतो एक दशांश मिलिमीटरचा, आणि तो मधल्या धातूच्या कड्यात असतो.

पैसे न घालवता: हे जुळतं तरी का?

प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायच्या पद्धतीचं, एक ठरलेलं अंतर असतं. लेन्स बॉडीवर जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं हे अंतर. निकॉन एफ ४६.५ मिमी, ऑलिंपस ओएम ४६, एम४२ आणि पेंटॅक्स के दोन्ही ४५.४६, कॅनन ईएफ ४४, मिनोल्टा एमडी ४३.५, कॅनन एफडी ४२. आरसा नसलेल्या बॉड्यांचं अंतर यापेक्षा कितीतरी कमी: सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६.

लेन्सचं अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त हवं. जो फरक उरतो तेवढ्या जाडीचं कडं म्हणजे अडॅप्टर. एम४२ लेन्स सोनी ई वर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे अडॅप्टर २७.४६ मिमी जाड हवा. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

फरक उलटा निघाला तर तिथेच थांबा. एम४२ लेन्स निकॉनच्या आरशाच्या बॉडीवर लावली की अडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी ती १.०४ मिमी पुढेच राहते. ५० एमएमच्या लेन्सला मग अडीच मीटरच्या पलीकडचं शार्प दिसणारच नाही. एफडी लेन्स ईएफ बॉडीवर लावली तरी हीच गत. अशा जोड्यांसाठी आत भिंग बसवलेले अडॅप्टर मिळतात. त्यांनी इन्फिनिटी मिळते, पण चांगल्या लेन्सच्या मागे साधं भिंग लावून तिची चव घालवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

मेन्यूतली दोन कलमं

साध्या धातूच्या अडॅप्टरला विजेचे संपर्क नसतात. त्यामुळे बॉडीला वाटतं की समोर लेन्सच नाही, आणि ती शटर अडवून धरते. सोनीच्या मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’, कॅननच्या नव्या बॉड्यांत ‘रिलीज शटर विदाउट लेन्स’ असं काहीतरी सापडेल, ते चालू करा. शटरची तक्रार इथेच संपते.

दुसरं कलम स्थिरीकरणाचं, आणि इथे पुष्कळजण फसतात. सेन्सर हलवून थरथर काढणाऱ्या बॉडीला लेन्स किती एमएमची आहे ते हातानेच सांगावं लागतं. काल १३५ लावली होती, आज २८ लावली आणि आकडा तसाच राहिला, तर सेन्सर गरजेपेक्षा कितीतरी जास्त हलतो आणि फोटो त्यानेच पुसट होतो. लेन्सवर कोरलेला आकडा घाला. क्रॉप (लहान) सेन्सरचा गुणाकार करू नका. पुढच्या सगळ्या चाचण्या मात्र स्थिरीकरण बंद करून, ट्रायपॉडवर, दोन सेकंदांच्या टायमरने करा. नाहीतर फोकसचा दोष कुठला आणि हाताचा कुठला, हे कधीच कळणार नाही.

रिंग मागे घेऊन बघा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. अपर्चर पूर्ण उघडं. एक किलोमीटरच्या पलीकडचं, कडा स्पष्ट असलेलं काहीतरी निवडा. भर दुपारी नको, तापलेल्या हवेत लांबच्या कडा उकळत असतात. सगळ्यात उत्तम म्हणजे रात्रीचा एखादा ठळक तारा. लाइव्ह व्ह्यू जास्तीत जास्त मोठा करा. पीकिंगच्या, म्हणजे शार्प भाग म्हणून कॅमेरा दाखवतो त्या रंगीत कडांवर विसंबू नका, जरासं मऊ चित्रही त्यांना शार्पच वाटतं.

आता रिंग इन्फिनिटीला टेकवा आणि तिथून केसभर मागे, जवळच्या अंतराकडे, हळूहळू फिरवत या. तारा काय करतो ते बघा.

आधी बारीक टोकदार होऊन मग पुन्हा फुगला, तर अडॅप्टर थोडा तोकडा आहे. लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडे जाते आहे. यात बिघडलेलं काही नाही. बहुतेक अडॅप्टर मुद्दामच थोडे तोकडे बनवतात, कारण जाड झाला तर इन्फिनिटी कायमची जाते. तोकडा झाला तर फक्त अंतराची पट्टी खोटं बोलते. फिल्मच्या काळातली सवय म्हणून आपण रिंग ठोकेपर्यंत फिरवतो आणि तिथेच फसतो. इलाज एवढाच की ठोका लागेपर्यंत जायचं नाही, दर वेळी डोळ्याने फोकस करायचा. निम्म्याहून जास्त तक्रारी माझ्या अनुभवात इथेच मिटतात.

टेकवलेल्या जागीच तारा सर्वात लहान असेल, पण टोकदार नाही, आणि मागे घेताना फक्त फुगतच जात असेल, तर अडॅप्टर जाड आहे, किंवा लेन्स त्यात पूर्ण बसलेली नाही. हा खरा दोष. पुढे वाचा.

मधोमध टोकदार, पण फ्रेमच्या एका कडेला नेला की धूमकेतू, आणि समोरच्या कडेला ठीक: अडॅप्टर तिरका आहे. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो तिरकेपणा नव्हे. जुन्या लेन्सचे कोपरे उघड्या अपर्चरला तसेच असतात. शिवाय रेंजफाइंडरसाठी (आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी) बनलेल्या वाइड लेन्सचे कोपरे डिजिटल सेन्सरवर ओघळतात. सेन्सरसमोरच्या जाड काचेतून तिरपे किरण जाताना ते घडतं. त्यावर अडॅप्टरचा इलाज नाही.

कुठेच, अगदी जवळचंही, शार्प होत नसेल, तर आजार वेगळा आहे. त्याबद्दल खाली.

एक दशांश मिलिमीटरने एवढं काय बिघडतं?

हिशोब सोपा आहे. लेन्सच्या एमएमचा वर्ग करा आणि जाडीतल्या चुकीने भागा. जे येईल तेवढ्या मिलिमीटरपर्यंतच ती लेन्स शार्प बघू शकते. अडॅप्टर ०.१ मिमी जाड असेल तर १३५ एमएमची लेन्स सुमारे १८२ मीटरपर्यंत बघते, ५० ची २५ मीटरपर्यंत, २८ ची जेमतेम ८ मीटरपर्यंत, आणि २० ची फक्त ४ मीटरपर्यंत.

म्हणून तोच अडॅप्टर एकाला ‘एकदम झकास’ वाटतो आणि दुसऱ्याला ‘कचरा’. पहिला १३५ वर पोर्ट्रेट काढत असतो, दुसरा २४ ने डोंगररांगा. एफ/८ किंवा एफ/११ वर हा दोष बराचसा झाकला जातो, त्यामुळे उन्हात कळत नाही आणि संध्याकाळी अपर्चर उघडलं की अचानक उगवतो. चाचणी उघड्या अपर्चरला करायची ती यासाठीच.

उलटी चूक झाली तरी गणित तेच. अडॅप्टर ०.१ ने तोकडा असेल तर २८ ची खरी इन्फिनिटी रिंगवरच्या ८ मीटरच्या खुणेजवळ सापडेल. घाबरू नका.

लेन्स टेकली आहे का?

अजून हत्यार हातात घ्यायचं नाही. लेन्स काढा. अडॅप्टरची दोन्ही तोंडं, लेन्सचं माउंट आणि बॉडीचं माउंट सुक्या मऊ कापडाने पुसा. बॉडी उघडी असताना तोंड खाली ठेवा. वाळूचा एक कण किंवा रंगाचा फुगवटा एवढंही पुरतं. पुन्हा बसवा आणि साध्या कागदाची अरुंद पट्टी लेन्स आणि अडॅप्टरच्या फटीत सरकवून बघा, मग अडॅप्टर आणि बॉडीच्या फटीत. चारही बाजूंनी. कागद कुठेही आत शिरता कामा नये.

एम४२ च्या अनेक अडॅप्टरांत आतून एक ओठ असतो, लेन्सची अपर्चरची पिन दाबून ठेवायला. काही लेन्सची मागची बाजू उंच असते, ती या ओठावर टेकते, आणि पूर्ण आवळूनही बारीक फट राहते. फुजिनॉनच्या काही एम४२ लेन्सना अपर्चर रिंगच्या मागे एक छोटा दात असतो, तो अडॅप्टरच्या कडेवर अडकतो. अशा वेळी लेन्स आवळून उपयोग नाही, बिनओठाचा अडॅप्टर घ्या. लेन्सचा दात घासून काढणारे लोक मला माहीत आहेत. मी करत नाही.

आटे कोणते हेही इथेच बघून घ्या. ४२ मिमी व्यासाचे दोन आटे आहेत आणि नुसत्या नजरेला ते सारखेच दिसतात. एम४२ चा आटा १ मिमी अंतराचा, टी माउंटचा ०.७५ चा. टी माउंटची लेन्स एम४२ मध्ये एखादा फेरा जाते आणि मग गच्च होते. तिथे जोर लावलात तर दोन्हींचे आटे जातात. शिवाय टी माउंटचं अंतर ५५ मिमी असतं, त्यामुळे ती बसली असती तरी फोकस चुकलाच असता. ३९ मिमीतही हाच घोळ. लायकाच्या जुन्या स्क्रू माउंटचं अंतर २८.८, झेनिटच्या ३९ मिमी माउंटचं ४५.२. झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर लावली तर ती हवी त्यापेक्षा १६ मिमीहून जास्त सेन्सरजवळ जाते, आणि मग काहीच, कुठेच शार्प होत नाही. मघाशी म्हटलेला वेगळा आजार पुष्कळदा हाच निघतो.

अडॅप्टरवर अडॅप्टर चढवला असेल तर आधी ती उतरंड मोडा. एम४२ चा ईएफ, त्यावर ईएफचा ई, अशा जोडणीत दोघांच्या चुका एकमेकींत मिळतात. एकच सरळ अडॅप्टर लावून पुन्हा तारा बघा.

अपर्चर खरंच बंद होतंय का?

हे पटकन सांगतो. लेन्सच्या पुढून आत बघत अपर्चर रिंग फिरवा, पाती हलायला हवीत. एफडी लेन्सच्या अडॅप्टरवर स्वतःची एक कडी असते. ती ‘ओपन’कडे राहिली की लेन्सवर एफ/८ लावा नाहीतर एफ/१६, अपर्चर उघडंच. एम४२ लेन्सवर ए आणि एम असा खटका असेल तर तो एम वर हवा. पाती हलतात पण आळसावल्यासारखी, आणि त्यांच्यावर तेलकट चमक दिसते? ते साफ करायला लेन्स उघडावी लागते. घरी नको.

अदलाबदल

दुसरी लेन्स त्याच अडॅप्टरवर लावा, किंवा तीच लेन्स दुसऱ्या अडॅप्टरवर. कोणाकडून तासाभरासाठी मागून आणा. दोष अडॅप्टरसोबत गेला तर अडॅप्टर, लेन्ससोबत गेला तर लेन्स. हे न करता स्क्रू ड्रायव्हर उचलणारे लोक शेवटी निर्दोष लेन्स उघडून बसतात.

व्हर्निअर कॅलिपर

आता तो लिहून ठेवलेला आकडा काढा. अडॅप्टरची जाडी मोजायची ती लेन्स टेकते त्या सपाट तोंडापासून बॉडीवर टेकतं त्या सपाट तोंडापर्यंत. बाहेर आलेले बॅयोनेटचे (फिरवून अडकवायच्या माउंटचे) दात मोजायचे नाहीत. घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी, प्रत्येक ठिकाणी तीनदा.

माझ्या एका एम४२ ते ई अडॅप्टरचे आकडे आले २७.४०, २७.४२, २७.५२, २७.४२. हवे होते २७.४६. तीन ठिकाणी किंचित तोकडा, म्हणजे नेहमीसारखाच. पण सहाच्या जागी बाकीच्यांपेक्षा एक दशांश वर. फोटोत नेमकी वरची बाजू मऊ होती, कारण सेन्सरवर चित्र उलटं पडतं. बॉडीच्या बाजूची चकती सोडवली तर सहाच्या स्क्रूखाली काळ्या रंगाचा वाळलेला थेंब, मसुराच्या निम्म्याएवढा. नखाने निघाला. चकती परत बसवली, स्क्रू आमनेसामने थोडेथोडे आवळत गेलो, पुन्हा मोजलं: २७.४१, २७.४२, २७.४२, २७.४१. ती २८ एमएमची लेन्स मी त्याआधी दोन महिने विकायला काढली होती.

चकतीचे स्क्रू सोडवताना पेचाला नीट बसणारा ड्रायव्हर घ्या. जपानी पेच साध्या फुली ड्रायव्हरने घसरतात आणि डोकं एकदा गोल झालं की काम हाताबाहेर जातं. चकतीखाली पातळ पत्र्याची कडी सापडली तर ती फेकू नका, जाडी जुळवायला मुद्दाम घातलेली असते. अडॅप्टर सगळीकडे सारखाच जाड असेल आणि अशी कडी खाली असेल, तर ती काढून इन्फिनिटी मिळते का बघा. कडी नसेल तर कानशीने घासत बसू नका. हाताने घासलेलं तोंड सपाट राहत नाही. जाडीचा दोष जाऊन तिरकेपणाचा येईल. दुसरा अडॅप्टर घ्या.

आणि सैलपणा? लेन्स डावी-उजवी थोडी फिरत असेल तर वाईट दिसतं, फोकसला फरक पडत नाही. ती पुढे-मागे डुगडुगत असेल तर मात्र पडतो. काही अडॅप्टरांच्या बॅयोनेटच्या दातांना बारीक चीर असते. चपट्या ड्रायव्हरचं टोक तिच्यात घालून केसभर फाकवलं की पकड येते. केसभर म्हणजे केसभर. जास्त झालं तर अडॅप्टर बॉडीवर अडकून बसेल.

आरशाच्या बॉडीवाल्यांसाठी

काही जुन्या लेन्सचं मागचं भिंग बरंच आत येतं, आणि रिंग इन्फिनिटीला असताना सर्वात जास्त आत येतं. फुल फ्रेम बॉडीचा आरसा त्याला थडकू शकतो. म्हणून पहिला फोटो सर्वात जवळच्या अंतरावर काढा, मग रिंग टप्प्याटप्प्याने पुढे नेत जा. आरसा अडकला किंवा आवाज बदलला तर जोर न करता रिंग जवळच्या अंतराकडे फिरवा, आरसा सुटतो. ती लेन्स त्या बॉडीवर परत लावू नका.

दुधाळ चित्र

सगळंच दुधासारखं फिकट येत असेल तर फोकसचा दोष नाही. अडॅप्टरच्या आत डोकावून बघा, भिंती चकचकीत असतील तर प्रकाश तिथून उसळतो. आतून मॅट काळा कागद किंवा मखमली पट्टी चिकटवा. भिंती ठीक असतील तर लेन्समधून टॉर्च तिरपी मारा. धुकं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर लेन्स दुरुस्तीची.

इथे हात थांबवा

अडॅप्टर मोजून बरोबर निघाला, दोन-तीन अडॅप्टरांवर तोच दोष आला, आणि दुसऱ्या लेन्स त्याच अडॅप्टरवर नीट चालल्या, तर लेन्सच बिघडलेली आहे. बऱ्याचदा आधी कोणीतरी ती उघडून ग्रीस बदललेलं असतं आणि फोकसचे आटे चुकीच्या सुरुवातीवर जोडलेले असतात. या आट्यांना सुरुवाती अनेक असतात, आणि एक सोडून सगळ्या चुकीच्या. ते काम लेन्स दुरुस्त करणाऱ्याचंच.

अनेक लेन्समध्ये फोकस रिंग तीन सूक्ष्म स्क्रूंवर असते. ते सैल करून ताऱ्यावर फोकस धरायचा आणि रिंग ठोक्याला लावून पुन्हा आवळायची, एवढ्याने इन्फिनिटी परत येते. मी ते करतो, पण स्वस्त आणि जोडीला दुसरी असलेल्या लेन्सवर. स्क्रू रंगाने चिकटवलेले असतील आणि पहिल्या प्रयत्नात हलले नाहीत, तर सोडून द्या.

भिंगांच्या मधली बुरशी, चिकटवलेली भिंगं सुटल्याची इंद्रधनुषी कड, पात्यांवरचं तेल, बॉडीला अडकून न निघणारा अडॅप्टर, आणि सगळ्या लेन्सवर, कंपनीच्या स्वतःच्या लेन्सवरसुद्धा, एकच बाजू मऊ येणं: यांपैकी काहीही असेल तर घरी प्रयत्न नको. शेवटच्या प्रकारात बॉडीचं माउंट किंवा सेन्सर तिरका असतो.

दुरुस्तीला देताना लेन्ससोबत अडॅप्टरही द्या, चार ठिकाणी मोजलेले आकडे चिठ्ठीवर लिहा, आणि उघड्या अपर्चरला काढलेला ताऱ्याचा एक फोटो जोडा. त्याआधी खर्च विचारून घ्या. तशीच दुसरी लेन्स त्याहून कमी पैशांत मिळत असेल तर ही सुट्या भागांसाठी ठेवून द्या.